उद्घाटनापुरती मशीनं

गल्लीतले लहानथोर त्यांना वहिनी म्हणायचे. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा धाकटा दीर शाळेत जाणारं पोर होता. दिवसभर 'वहिनी, वहिनी' करत मागे फिरायचा. ऐकून ऐकून शेजाऱ्यांच्याही तोंडी तेच बसलं. पुढे नवरा अकाली गेला. घरात उरली सासू, दीर आणि एक शिवणमशीन. वहिनींनी त्या मशीनवर दप्तरं आणि हत्यारांच्या थैल्या शिवायला घेतल्या. पोटाला चिमटा काढत पुढच्या खोलीत चार मशीनं उभी केली, तीन बायांना काम दिलं. त्याच कमाईवर दीर शिकला आणि उद्योग खात्यात लागला. "माझं शेंडेफळ साहेब झालं," म्हणून सासू येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगायची.

गावातली मोठी गिरणी कधीच बंद पडली होती. तरुण पोरं कामासाठी बाहेर गेली, ती परत यायची फक्त कुणाच्या तरी मयताला. अशात सरकारने जाहीर केलं, की गिरणीच्या जागेवर लघुउद्योग केंद्र होणार. छोट्या कारागिरांना स्वस्तात गाळे, कमी दराने वीज, आणि जो इथल्याच माणसांना कामावर ठेवेल त्याला पगाराचा काही भाग सरकार देणार. वहिनींनी लगेच अर्ज केला. आणखी दोघींना घेता येईल, कोपऱ्यात कापड कापायचं मोठं टेबल मांडता येईल, असं त्या जेवताना सासूला सांगत बसायच्या.

उद्घाटन तोंडावर आलं आणि एका संध्याकाळी दीर घरी आला. खुर्चीच्या कडेवरच टेकला.

"वहिनी, मोठी पंचाईत झालीय. मंत्री येतायत आणि शेड रिकामी. मशीनं अजून पोचलीच नाहीत. तुमची चार द्याल का? बायाही येऊ देत. दोन दिवसांचा तर प्रश्न आहे."

"आणि शाळेच्या दप्तरांचं काय करू? ते लोक रोज विचारतात."

"पहिला गाळा तुम्हालाच मिळणार. मी आहे ना तिथे!"

'मी आहे ना' म्हटल्यावर पुढे काय बोलायचं? वहिनींनी स्वतः मशीनं पुसून, तेल घालून हातगाडीवर चढवली.

समारंभ दणक्यात झाला. बायांना निळे एप्रन मिळाले. मंत्री मशीनवर बसले, जोरात पायडल दाबलं आणि सुई कटकन मोडली. सगळे हसले. तिघींत वयाने मोठी होती ती आक्का वहिनींच्या कानाशी लागली, "पहिलाच टाका तुटला हो."

"गप गं," वहिनी म्हणाल्या, पण त्यांनाही हसू आवरेना.

दोन दिवसांनी त्या हातगाडी घेऊन गेल्या. फाटकावरच्या रखवालदाराने अडवलं.

"सामान बाहेर नेता येणार नाही."

"अहो, माझंच सामान आहे."

"बाई, नंबर बघा त्यावर."

चारही मशीनांवर पांढऱ्या ऑइलपेंटने केंद्राचे नंबर घातले होते. सगळ्यात जुन्या मशीनवर वहिनींच्या तळव्याने घासून रंग उडाला होता, नेमका तिथे.

त्या तडक दिराच्या ऑफिसात गेल्या. त्याने दार लोटून घेतलं.

"वहिनी, मशीनं खरेदी झाली असं वर कळवलंय. पाहणी होऊन जाऊ दे, मग परत देतो."

"कुणी कळवलं?"

तो टेबलावरची पेनं सारखी करत राहिला. "सही माझी आहे. पण साहेबांनी करायला लावली. मी नसती केली तर दुसऱ्याने केली असती."

"दुसऱ्याने केली असती तर मी त्याच्याशी भांडले असते रे. तुझ्याशी काय भांडू?"

पाहणी झाली, तरी मशीनं परत आली नाहीत. कागदावर त्या तिघींना नव्याने रोजगार मिळाला होता. घरी तिघी रिकाम्या बसल्या होत्या. शाळेने दप्तरं दुसरीकडून घेतली. पहिला गाळा बाहेरच्या एका पॅकिंग कंपनीला गेला. ती आपली माणसंही गाडीत भरूनच घेऊन आली.

आक्का चिडली. "केसाने गळा कापला तुमचा! तक्रार करा."

वहिनी मोठ्या साहेबांकडे गेल्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "लिहून द्या. मात्र सही ज्याची, नोकरी त्याचीच जाणार. दीर ना तुमचे?"

वहिनी बाहेर येऊन ऑफिसच्या जिन्यावर बसल्या. लोक बाजूने चढत-उतरत होते. आपलेच दात, आपलेच ओठ. मग उठल्या, आणि काही न लिहिता घरी आल्या.

काही महिन्यांनी एका दुपारी टेम्पो मशीनं दारात टाकून गेला. दोन धड होती, उरलेल्या दोनांच्या मोटारी गायब. सोबत दीर नव्हता. आक्का कामावर परतली. बाकीच्या दोघी तोवर पोरांकडे निघून गेल्या होत्या. वहिनींनी रॉकेलच्या बोळ्याने नंबर पुसले, फाटक्या छत्र्या आणि जुन्या बॅगा दुरुस्तीला घेतल्या.

सासूला यातलं काही कळू दिलं नाही. तिचं एकच पालुपद असायचं, "धाकटा हल्ली जेवायला येत नाही गं. तू बोलाव की."

"त्याला कामं फार आहेत," वहिनी म्हणायच्या, "साहेब आहे ना तो," आणि तिच्या ताटात भात वाढायच्या.