नववीतली चिऊ आणि बारावीचा पेपर

मंडळी, आज सकाळी आमच्या गोत्री भागातल्या एका क्लासबाहेर माझं काकांशी भांडण झालं.

माझी चुलत बहीण चिऊ नववीत आहे. आज ती बारावीच्या मुलांबरोबर इंजिनिअरिंग प्रवेशाच्या सराव परीक्षेला बसणार होती. सोडायला मीही गेलो, कारण तिथे माझी मैत्रीण रुची शिकवते आणि हल्ली ती माझा फोन उचलत नाही.

गेटवर चिऊचं पाऊल पुढे पडेना आणि माझं डोकंच फिरलं. "काका, पोरीला कशाला छळताय?"

"कॉलेज अर्धवट टाकून बसलायस, तू मला शिकवू नकोस."

वॉचमन गुजरातीत समजावत मध्ये पडला, "भाई, शांती राखो." रुची दारातून सगळं बघत होती.

तेवढ्यात चिऊच ओरडली, "दादा, बाबा नको म्हणत होते, मीच हट्ट केलाय! भीती वाटतेय म्हणून काय घरी जाऊ?"

आणि गेली की आत! रुचीने तिच्या पाठीवर हात ठेवला. माझ्याकडे बघितलंही नाही.

पेपर सुटेपर्यंत काका आणि मी एकाच बाकावर बसलो होतो.

खरं सांगा, तुम्ही तिला जाऊ दिलं असतं?