पुनममॅडमची पात

दिवाळीच्या सुट्टीत कॉलेज बंद झालं की पुनममॅडमचा पगारही बंद होतो. पगार तरी कसला म्हणा! तासावर शिकवायचं, तासाचे पैसे, आणि तेही निघतील तेव्हा खरे. नेट झालंय, पीएच.डी. झालीय. शिकवते काय, तर अर्थशास्त्र, आणि त्यातही मजुरी कशी ठरते हा तिचा आवडता धडा. आता बोला!

अमळनेरच्या अलीकडे तिचं गाव. वडील गेले, भाऊ सुरतेला, त्याची पोरं सांभाळायला आईही तिकडेच. लग्नाचं म्हणाल तर काही पाहुण्यांना सून जास्त शिकलेली वाटली, काहींना नोकरी कच्ची वाटली, आणि सगळे पोहे खाऊन उठून गेले. ती छत्तिशीची झाली. घर असं खायला उठायचं, की लॉकडाऊनमधली स्वतःचीच लेक्चरं मोबाइलवर लावून ती भाजी निवडायची. घरात कुणीतरी बोलतंय एवढं वाटलं तरी पुरे.

यंदा मात्र तिनं मनाशी ठरवलं आणि सकाळी सकाळी रत्नाच्या दारात जाऊन उभी राहिली. रत्ना सातवीपर्यंत तिच्याच बाकावर बसायची. आता कापूस वेचणाऱ्या बायकांची टोळी तीच चालवते.

"रत्ना, माले बी येचाले ने ना."

"मॅडम, हाई काम तुमनं नही," रत्ना गडबडलीच.

"सुट्टीमा माले काय काम शे? ने ना वं!"

किराण्याला पैसे हवेच होते, खोटं कशाला बोला. पण त्याहून जास्त तिला माणसं हवी होती. त्या बायका हसत-खिदळत शेताकडे जायच्या, एकमेकींच्या डब्यात हात घालायच्या. पुनमला त्या घोळक्यात जागा हवी होती. बस्स, एवढंच.

पंडितभाऊंच्या शेतात मजुरी किलोवर होती. प्रत्येकीनं आपली पात धरायची, म्हणजे आपल्या वाट्याच्या ओळी, आणि कमरेच्या ओटीत कापूस गोळा करत या टोकापासून त्या टोकाला जायचं. पहिल्या दिवशी पुनमची बोटं बोंडांनी ओरबाडून निघाली. बाकीच्या पलीकडे पोचल्या, तरी ही अर्ध्यातच. तेवढ्यात समोरून रत्नाचा आवाज आला, "पुने, मी सामनेथीन येस, घाबरू नको!" रत्ना उलट्या बाजूनं हिच्याच ओळीत वेचत आली, मध्ये भेटली आणि ओटीतला सगळा कापूस पुनमच्या गाठोड्यात ओतून मोकळी झाली. कितीतरी वर्षांनी कुणी तिला पुने म्हटलं होतं. त्या रात्री तिनं लेक्चर लावलं नाही.

पुढे कधी रत्ना यायची, कधी म्हाताऱ्या कमलबाई. पुनमला वाटलं, नवखी म्हणून दया करतात. किलोवर मजुरी असताना आपला कापूस दुसरीला द्यायचा, म्हणजे उपकारच ना! ती दर वेळी "थँक्यू" म्हणायची आणि बायका पदर तोंडाला लावून हसायच्या.

आठवड्याभरात हात बसला. आणि एके दिवशी काय झालं, रत्नाला अंगात ताप होता. पुनमची पात सगळ्यांच्या आधी संपली. वळून बघितलं तर रत्ना मागे, तिच्या ओळी पांढऱ्याशुभ्र भरलेल्या. पुनमचं पाऊल उचललं, अगदी उचललं होतं, पण थांबलं. टोळीची मुकादम ती, तिला मी काय मदत करणार? कुणी कीव केली की कसं लागतं, ते पुनमला चांगलं ठाऊक होतं. तशी वेळ रत्नावर आपण आणायची नाही, असं म्हणून ती बांधावर जाऊन बसली. आपण बघतोय असंही रत्नाला वाटू नये, म्हणून तोंड पलीकडे केलं. अगं बाई, केवढा हा शहाणपणा!

आपली पात उरकून कमलबाई शिरल्या रत्नाच्या ओळीत समोरून. परतताना बायका पुढे, पुनम मागे. कमलबाईंचा आवाज मुद्दाम मोठा होता.

"शिकेल बाई शे ना, तिले आपलं काय पडेल शे! आज आपण तिले, सकाय तिनी आपले, एवढं बी समजत नही?"

पुनम जागीच थिजली. म्हणजे ती दया नव्हतीच. ती उसनवारी होती, आज त्यांनी आपल्याला, उद्या आपण त्यांना, आणि फेडायची वेळ आली तेव्हा आपण बांधावर बसलो.

दुसऱ्या दिवशी तिनं जीव तोडून पात संपवली आणि रत्नाच्या ओळीत समोरून शिरली. मध्यावर दोघी भेटल्या. पुनमनं आपला कापूस रत्नाच्या गाठोड्यावर ओतला. रत्नानं खांद्यावरचं फडकं काढलं, पुनमचा कापूस ओंजळीनं उचलून त्यात घेतला आणि वेगळी गाठ मारली.

"रत्ना, काल मी... तुला वाईट वाटू नये म्हणून..." पुनमच्या तोंडून शुद्ध मराठी आली, वर्गातली.

"नही हो, तुमना काय दोष? तुमीन येचा तो तुमना शे. बठ्ठा."

सगळा कापूस मॅडमचा! रत्नाच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर पुनम भांडली असती, पायाही पडली असती. संध्याकाळी काट्याजवळ रत्नानं ते फडक्याचं गाठोडं पंडितभाऊंपुढे सरकवलं. "हाऊ मॅडमना." वजन झालं, आणि पंडितभाऊंनी पुनमच्या हातावर जास्तीची मजुरी ठेवली. तिनं ती घेतली. बायका बोलत बोलत वाटेला लागल्या, आणि पुनमसाठी कुणी थांबलं नाही.