शिंपीणबाईंसमोरचा दिवा

कावळ्याचा दिवस पहाटे पाचला सुरू व्हायचा. सारा दिवस खांबावर, म्हणून लोक त्याला कावळा म्हणत. रस्त्यावरचे बंद पडलेले दिवे दुरुस्त करणं हे त्याचं काम. उजाडलं की वाहनं वाढण्याआधी शिडी लावायची. शिडीचे पाय पक्के टेकवायचे, पहिल्या पायरीवर वजन टाकून बघायचं, वर पोचल्यावर आधी शिडी खांबाला बांधायची आणि मगच हत्यार काढायचं. यातलं काही गाळलेलं त्याला खपत नसे.

घरी आई होती. तिच्या तोंडात दात उरले नव्हते. तिच्या कवळीसाठी तो मजुरीतून पैसे बाजूला टाकत होता. पण दुरुस्त केलेल्या दिव्याची तक्रार परत आली की मुकादम मजुरी कापायचा. आणि शिंपीणबाईंच्या दुकानासमोरच्या दिव्याची तक्रार दोनदा परत आली होती.

"काय उजेड पाडलास रे तिथे?" मुकादम म्हणाला. "बाई फोनवर माझं डोकं खातात. आता तक्रार आली तर आख्खा आठवडा कापीन."

"दिवा लागतो, साहेब. डोळ्यांनी बघितलाय."

"मग बाई काय स्वप्नात बघतात?"

दिव्याच्या डोक्यावर डबीएवढा सेन्सर असतो, त्याचं तोंड एका बाजूला. अंधार पडला की तो दिवा लावतो, उजाडलं की मालवतो. दिवसा तपासायचं तर सेन्सरवर काळी टोपी घालायची, म्हणजे त्याला रात्र झाल्यासारखं वाटतं. सगळे असंच तपासत. कावळ्यानं एकदा सेन्सर बदलला, एकदा वायर बदलली. दोन्ही वेळा टोपी घातली, दिवा लागला, तो खाली उतरला. मग खऱ्या अंधारात दिव्याला काय होतं? हा काय प्रकार? प्रश्न डोक्यातून जाईना. जेवताना घास हातातच राहिला.

"अरे, दात माझे गेलेत," आई म्हणाली. "तू का चावत नाहीस?"

दिवस मावळताना तो शिडी न घेता तिथे गेला. शिंपीणबाई दारातच होत्या.

"आलात? टोपी घालायला?"

"आज नुसता बघायला आलोय, ताई."

"बघा की. बघायला काय पैसे पडतात?"

अंधारून आलं. दिवा लागला. थोडा वेळ नीट जळला आणि मिटला. परत लागला, परत मिटला.

"वर कोणी बसलंय का बटण दाबत?" बाई म्हणाल्या.

कावळा आता दिव्याकडे बघतच नव्हता. दिवा लागला की आजूबाजूला काय बदलतं, ते तो बघत होता. दुकानाच्या दारावरचा तिरका पत्रा लख्खकन चमकला. चमक थेट सेन्सरच्या तोंडावर.

"ताई, हा पत्रा कधी बसवला?"

"झाला की महिना. छान आहे ना? रोज पुसते मी."

"आणि दिवा कधीपासून मिटतोय?"

बाईंनी पत्र्याकडे बघितलं, दिव्याकडे बघितलं. "अगं बाई!"

"एखादं मोठं कापड द्या."

दोघांनी अस्तराचं कापड पत्र्यावर पसरलं. दिवा लागला तो लागलाच.

"पत्र्याच्या चमकेनं त्याला दिवस उजाडल्यासारखं वाटत होतं," कावळा म्हणाला. "आणि मी टोपी घालून त्याचे डोळेच झाकत होतो. मला कसं कळणार?"

सकाळी त्यानं शिडी बांधली आणि सेन्सरचं तोंड मोकळ्या मैदानाकडे फिरवलं. संध्याकाळी पुन्हा जाऊन उभा राहिला. पत्रा उघडा होता, चमकत होता. दिवा मिटला नाही. पुरता अंधार होईपर्यंत थांबून तो घरी गेला.

तक्रार आली नाही. "काय केलंस रे?" मुकादमानं विचारलं.

"तोंड फिरवलं."

"बाईंचं?"

मजुरी पुरी मिळाली आणि कवळी झाली. पहिले काही दिवस मऊच खायचं, असं दातांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. आईनं घरी येताच टोपलीतलं गाजर उचललं आणि कडकन तोडलं.

"आई, हळू!"

"गप रे. आवाज ऐकू दे मला."