माश्यांचं पाणी

सुकेशनी रिकामा हंडा उताणा कधी ठेवायची नाही, पालथाच घालायची. भाकरी काठाकडून खायची, मधला पापुद्रा शेवटी. भांडणाआधी ओढणी कमरेला बांधायची. बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात एक गोटा असायचा, मोकाट कुत्र्यांसाठी. नेम चुकायचा नाही. केळीवाल्याच्या गाड्यावर बारकी माशी बसली की वाकून बघायची आणि सांगायची, "नर आहे. बूड काळं आहे."

केळीवाला म्हणायचा, "मॅडम, केला लेना है तो लो. मक्खी का रिश्ता बाद में देखना."

प्रांजलीला हे सगळं पाठ होतं. दोघींच्या घरांची भिंत एक. प्रांजलीनं मराठी घेऊन बीए केलं. सुकेशनी कॉलेजातल्या प्रयोगशाळेत फळमाश्या पाळून संशोधन करायची. त्या माश्यांना ती कळप म्हणायची.

खऱ्या कळपातूनच ती आली होती. बाप सोनाजी पाचोडकडं मेंढरं राखायचा. एका दुष्काळात मेंढरं कुणाच्या तुरीत शिरली. चार जणांनी सोनाजीला बांधावर पाडून काठ्यांनी मारलं. पुढचे दात पडले. लहानग्या सुकेशनीनं ते मातीतून वेचले आणि बापाच्या हातात दिले. नंतर सोनाजीनं कळप विकला आणि शेंद्र्याला कारखान्यावर वॉचमन झाला.

वस्ती शेंद्र्याच्या रस्त्याला, गुंठेवारीतली. वरच्या अंगाला मेंढरं विकून आलेली घरं. खालच्या अंगाला कारखान्यांना जमीन देऊन आलेली. मधे टँकर थांबायची जागा. सोळा सालच्या उन्हाळ्यात नळ नव्हता आणि बोअर आटले होते. जे काही होतं ते टँकरमधे होतं.

टँकरची रांग दोन बाया सांभाळायच्या. वरून मनकर्णाबाई, खालून द्वारकाबाई. रांगेत हात कुणी उचलायचं नाही, तोंडं मात्र चालायची.

"ए द्वारके, तुझं पोरगं मधी घुसलं. माघारी घे, नायतर तंगडी मोडीन."

"मोड की. तुझ्या सुनंनं दोन हंडे लावलेत, ते आधी मोज. मुडदा बशिवला तुझा."

एकदा प्रांजली वैतागली. "यांना कुणीतरी गप्प करा."

"नको," सुकेशनी म्हणाली. "त्या गप्प झाल्या तर मरू आपण."

मग तिनं पाण्याच्या कॅनवर बसून समजावलं. माशीच्या अंड्याभोवती पेशींचा एकच थर असतो, फरशी बसवल्यासारखा. प्रत्येक पेशीला आपली वरची बाजू कुठली, खालची कुठली, हे ठरवावं लागतं.

"कोण ठरवतं?"

"कुणी मालक नाय गं. वरच्या टोकाची प्रथिनं वेगळी, कडेच्या अंगाची वेगळी. वरची अंगाच्यांना वर टिकू देत नाहीत, फॉस्फेट चिकटवतात आन हुसकून लावतात. अंगाची वरच्यांना तसंच हुसकतात. ही हाणामारी चालू आहे तोवर मधली रेघ टिकते."

"आणि एक पार्टी काढून टाकली तर?"

"थर मोडतो. पेशी एकमेकींच्या अंगावर चढतात. ढीग होतो. अळीत तसं झालं तर अळी नुसती फुगत जाते. कोष करत नाही. फुगूनच मरते."

स्क्रिबल नावाचं अंगाचं प्रथिन तिनं माश्यांच्या एका वंशातून काढून घेतलं होतं. ढीग झालेला तिनं पाहिला होता. आता ते प्रथिन परत द्यायचं आणि ढिगाचा पुन्हा थर होतो का ते बघायचं. एवढंच तिला हवं होतं. त्यासाठी माश्यांचा तो एक वंश उन्हाळाभर जगायला हवा होता. माश्यांचं अन्न शिजवायला पाणी लागतं, आणि कॉलेजची टाकी होळीपासून कोरडी. म्हणून घरच्या वाट्यातला एक कॅन ती कॉलेजात न्यायची. घरची भांडी राखेनं घासली जायची. सोनाजी दिवसाआड अंघोळ करायचा आणि म्हणायचा, "मेंढरापेक्षा कमी पितात तुझ्या माश्या. ने."

गल्ली एवढी उदार नव्हती. "माणसाच्या घशाला कोरड, आन ही माश्यांला पाजती," असं द्वारकाबाईचा मुलगा सुदर्शन तिच्या तोंडावर म्हणायचा.

मे महिन्यात साहेबरावआप्पांनी बैठक घेतली. आप्पा निवृत्त तलाठी. शिव्यांनी वस्तीची अब्रू जाते, असं त्यांचं म्हणणं. मनकर्णाबाईचा आवाज मोठा, म्हणून तिला घरी बसायला सांगितलं. तिचं पाणी पोरं आणून देतील.

सुकेशनी उठली. ओढणी कमरेला बांधलेली होती. "आप्पा, एकीला बसवू नका. रेटा एकाच बाजूनं राहिला तर रांग फुटंल."

"हे कुठं वाचलंस?"

"माश्यांत बघितलं."

सगळे हसले. आप्पाही हसले. "पोरी, माशीची अक्कल माशीला ठेव." प्रांजलीलाही हसू आलं.

पुढचा टँकर भर दुपारी आला. मनकर्णाबाई घरात, दाराला आतून कडी. खालून द्वारकाबाईचा आवाज आला, वरून उत्तर आलं नाही. खालची माणसं एक पाऊल सरकली. कुणी हटकलं नाही, म्हणून आणखी सरकली. मग रांग उरलीच नाही. वरची माणसं टँकरवर चढू लागली. एकाच्या खांद्यावर दुसरा, त्याच्या पाठीवर तिसरा. सुदर्शन टपावर उभा राहून झाकणाच्या भोकात हंडा बुडवत होता. वर येणाऱ्या हातांवर तो टाच मारायचा. बोटं मोडल्याचा आवाज प्रांजलीला खाली ऐकू आला. कुणीतरी त्याच्या पोटरीला चावलं.

सुकेशनी टँकरच्या चाकाशी अडकली होती. कॅन तिनं छातीशी धरला होता. ती ओरडत होती, "मनकर्णामावशीला बोलवा. मावशीला बाहेर काढा."

वरून सुदर्शन म्हणाला, "माश्यांना पाणी पायजे का? घे."

त्यानं भरला हंडा फेकला. पितळी होता. तो तिच्या कानामागं बसला. ती खाली पडली आणि हंड्यातलं पाणी सांडलं. पाणी सांडलं म्हणून माणसं तिच्यावरून धावली. प्रांजलीनं ते पाय पाहिले. ओळखीचे पाय होते. एकीच्या पायात प्रांजलीनंच दिवाळीला घेऊन दिलेली चप्पल होती.

घाटी दवाखान्यात नेताना, रिक्षात, सुकेशनीचं डोकं प्रांजलीच्या मांडीवर होतं. डोळे उघडे होते. बाबा पेट्रोल पंपाशी सिग्नल लागला. सिग्नल सुटला तेव्हा ती श्वास घेत नव्हती.

इकडं मनकर्णाबाई दार फोडल्यासारखी बाहेर आली. तिनं द्वारकाबाईला केसांना धरून चिखलात लोळवलं. द्वारकाबाईनं हात उचलला नाही. पोलीस सुदर्शनला घेऊन गेले तेव्हाही ती चिखलातच बसून होती.

त्यानंतरचा टँकर आला, तेव्हा दोघी आपापल्या टोकाला उभ्या होत्या. पाणी तर लागतंच. रांग वाकडी झाली. मग मनकर्णाबाई म्हणाली, "ए द्वारके, माघारी घे तुझी माणसं."

द्वारकाबाईनं पदर डोक्यावरून पुढं ओढला. प्रांजली वाट बघत राहिली. द्वारकाबाईनं उत्तर दिलंच नाही.

सोनाजीनं सांगितलं म्हणून प्रांजली कॉलेजात गेली, सुकेशनीची ओढणी आणि डबा आणायला. प्रयोगशाळेत गुळाचा वास होता. काचेच्या नळ्यांत माश्या होत्या. खालचं अन्न वाळून भेगाळलं होतं. काही माश्या त्या भेगांत पडल्या होत्या, काही अजून चालत होत्या.

शेगडीवर पातेलं होतं. त्यात मक्याचं पीठ मोजून घेतलेलं, गूळ फोडून ठेवलेला, अन्न गोठवायची अगरची पूड एका कडेला. वर झाकण, झाकणावर उलथणं. शेजारी नव्या नळ्या धुऊन, पालथ्या घालून ठेवलेल्या. पाणी तेवढं घालायचं राहिलं होतं.

प्रांजलीनं बेसिनची तोटी फिरवली. आत हवा खाकरली.