उलटा बसवलेला एसी

छत्रीबागेत आमचं घर ‘उलट्या एसीवाल्यांचं’ म्हणून ओळखलं जायचं, आणि मला त्याची इतकी लाज वाटायची की मैत्रिणींना मी घरी येऊच देत नसे.

बाबा मिलच्या एसी प्लांटवर फिटर होते. मिल बंद पडल्यावर सांवेर रोडला फ्रिज दुरुस्तीच्या दुकानात लागले. आईला दम्याचा त्रास. डॉक्टरांनी शेगडीच्या धुराला साफ मनाई केली होती, आणि हिवाळ्यात थंडीनं तिची छाती भरून यायची. म्हणून बाबांनी भंगारातला खिडकीचा एसी आणला, दुरुस्त केला नि तोंड गल्लीकडे करून बसवला.

“फ्रिज काय, एसी काय, थंडी बनवत नाही बेटा,” ते म्हणाले. “आतली गरमी उचलून मागच्या जाळीतून बाहेर टाकतो. बाहेर कितीही ठंड असू दे, हवेत थोडी गरमी असतेच. ती उचलायची नि आत आणायची, बस. बर्फाच्या मुलखात लोक घरं अशीच गरम ठेवतात.”

खोली खरंच ऊबदार झाली. आई रात्रभर झोपू लागली. खोट एकच होती. कडक थंडीत बाहेरच्या भागावर बर्फ धरायचा आणि ऊब यायची बंद व्हायची. मग बाबा सकाळी मशीन थांबवून कोमट पाणी ओतायचे. शेजारचे काका रोज हसायचे, “क्या भिया, मशीन को नहला रहे हो?”

मिल बंद असली तरी थकलेल्या पैशांवरचा हक्क जाऊ नये म्हणून कामगार फाटकावर हजेरी लावायला जात. त्या दिवशी बाबांना लवकर निघायचं होतं. पाणी ओतायचं काम माझ्यावर सोपवून ते गेले. मी बादली भरली, दारापर्यंत गेले. समोर काका दात घासत उभे होते. मी तशीच मागे फिरले.

दुपारी बाबा आले तेव्हा खोली गारठलेली होती आणि आईला धाप लागली होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडायच्या आत आईच म्हणाली, “तिनं पाणी घातलं हो. मशीनच चाललं नाही.”

बाबांनी एसी उतरवला. “मिलमध्ये शिकलो तेही कामाचं नाही निघालं,” एवढंच म्हणाले. त्याच हिवाळ्यात आई गेली. बाबांनी पुन्हा पाना हातात धरला नाही.

आता मी थंड मुलखात राहते. माझ्या घराबाहेर तसंच मशीन आहे, बर्फ धरला की आपलं आपणच उतरवतं. बाबा वारले तोपर्यंत त्यांना वाटत राहिलं, की आपल्या मशीननं दगा दिला. मशीन बरोबर होतं. हे त्यांना सांगायला माझ्याकडे चांगली अठरा वर्षं होती.