पंचमीच्या आदल्या दिवशी

आमच्या घरात सणांवर बोलायचं काम माझं आणि सण करायचं काम बायकांचं. ही वाटणी कोणी केली ठाऊक नाही, पण मला ती मानवली. नागपंचमीला चुलीवर तवा का ठेवत नाहीत, हे मी कंपनीच्या कॅन्टीनमध्ये पोरांना रंगवून सांगायचो. तवा म्हणजे नागाचा फणा, तो तापवायचा नाही. त्या दिवशी चिरायचं नाही, खणायचं नाही, सुईत दोरा ओवायचा नाही. जमिनीत कोण निजलंय आणि आपलं टोक कुणाला लागेल, सांगता येत नाही. म्हणून पोळी नाही, तळण नाही. पुरणाची दिंडं करायची, म्हणजे कणकेच्या पारीत पुरण भरायचं, चारी बाजूंनी घडी घालायची, चाळणीवर उकडायची आणि वर तूप. पोरं ताटातल्या चपातीकडे बघत म्हणायची, "भाऊ, तुम्हाला सगळंच माहिती असतं राव." मीही मान डोलवायचो.

पंचमीच्या आदल्या दिवशी काय असतं, हे मात्र मला पन्नाशीला टेकलो तरी माहीत नव्हतं.

चाकणच्या पुढे, जिथं आता शेतापेक्षा गोडाऊनं जास्त झालीत, तिथल्या एका गावात माझी थोरली बहीण राहते. आम्ही तिला आक्का म्हणतो. नवरा गेला. मुलगा हिंजवडीला कंपनीच्या कॅबवर असतो, त्यामुळे घरात बहुतेक वेळ आक्का आणि तिची सून, दोघीच. गेल्या उन्हाळ्यात आक्काची शुगर इतकी वाढली की गोळ्या पुरेनात. डॉक्टरांनी इन्सुलिन सुरू केलं. पेन कसं धरायचं, पोटाला कुठं टोचायचं, हे मी तिला शिकवलं, कारण कंपनीत मी मेंटेनन्सला आहे आणि कुठलंही यंत्र आपल्याला कळतं असा माझा समज आहे. त्या दिवसापासून मी स्वतःला तिच्या शुगरचा इन्चार्ज नेमलं. रोज सकाळी चिखलीच्या माझ्या घरून कामावर निघताना फोन करायचा, "सुई झाली?" ती म्हणायची, "झाली बाबा." की मी हेल्मेट घालायला मोकळा.

गेल्या श्रावणात एका सकाळी ती म्हणाली, "आजच्या दिस ऱ्हाऊ दे. उद्या घीन."

"का म्हणून?"

"असंच."

"आक्का, सुई म्हणजे काय ओव्हरटाइम आहे का, आजचं उद्या भरून काढायला? टोचून घे आधी. मी फोन चालू ठेवतो."

मग पेनची टकटक ऐकू आली. "घेतली," ती म्हणाली. "झालं तुझ्या मनासारखं?"

मला स्वतःचाच अभिमान वाटला. बायकोलाही सांगितलं, की आक्कासारखीला असा दमच द्यावा लागतो. बायको भाजी चिरत होती, तिनं वर पाहिलं आणि काहीतरी विचारणार होती; पण माझी गाडी सुरू झाली होती.

दुपारी कॅन्टीनला मला न आवडणारी भाजी होती, म्हणून मी गेटबाहेरच्या गाड्यावर वडापाव घेतला. पहिला घास घेतला आणि आक्काच्या सुनेचा फोन आला.

"मामा, आईंना कायतरी व्हतंय. पुरण वाटता वाटता खालीच बसल्या. घामानं भिजल्यात सगळ्या. हात थरथरतोय. मी कोण हे पन कळंना त्यांना."

शुगर उतरली होती. सुई घेऊन पोटात काही गेलं नाही की असं होतं, एवढं मला शिकवलेलं होतं. म्हटलं, "जेवली का ती?"

"आज कुठलं जेवण, मामा?"

या वाक्यापाशी मी थांबायला हवं होतं. नाही थांबलो. "साखरपाणी कर. घट्ट. आत्ताच्या आत्ता. फोन ठेवू नको."

डबा उघडल्याचा आवाज आला, पेल्यात चमचा फिरला. मग तिचा रडवेला आवाज आला. "त्या तोंडच उघडंनात. उपास हाय म्हणत्यात."

"कसला उपास? पंचमी उद्या आहे."

"आज भावाचा उपास असतो की, मामा."

"कुणाच्या भावाचा?"

हा प्रश्न मी खरोखर विचारला. रस्त्यावर उभा राहून, शेजारून कंटेनर जात असताना, मोठ्यानं विचारला. वडापाववाला सुद्धा माझ्याकडे बघायला लागला.

"त्यांच्या," सून म्हणाली. "तुमचा."

तोंडातला घास गिळवेना आणि थुंकवेना. आईसुद्धा कधीतरी श्रावणात एक दिवस जेवायची नाही आणि दुसऱ्या दिवशी मामाच्या नावानं दिंडाचा तुकडा बाजूला काढायची, ते त्या क्षणी डोळ्यापुढे आलं. नागाची पूजा आपण करतो ती भावाच्या आयुष्यासाठी, आणि बहीण त्याच्या आदल्या दिवशी त्याच्यापायी उपाशी राहते. आमच्याकडच्या कुठल्याही बाईला विचारा, ती सांगेल. पण आम्ही पुरुष विचारत नाही आणि त्या सांगत नाहीत.

"फोन तिच्या कानाला लाव," मी म्हटलं. "आक्का, मी बोलतोय. ते पाणी पी."

कुठून तरी खोलातून आवाज आला, "मोडंल..."

"मोडू दे. माझा आहे ना उपास? मी सांगतो, मोडला."

पेला दातांवर आपटल्याचा आवाज आला आणि सून म्हणाली, "सांडतंय सगळं."

मग मी थाप मारली. थाप मारण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही. "आक्का, मीही सकाळपासून उपाशी आहे. तू पाणी घेईपर्यंत मी अन्नाला शिवणार नाही. बघ बाई, काय ते."

मग जडावलेल्या जिभेनं, एकेक अक्षर ओढत, ती म्हणाली, "चावतूयस की."

मी चावत नव्हतो. पण तोंडात घास होता, आणि तो घास धरून बोलणाऱ्याचा आवाज बहिणीला पाळण्यापासून ठाऊक असतो. मला वाटलं, संपलं. थाप उघडी पडली, आता ही मुळीच तोंड उघडायची नाही. तेवढ्यात सून म्हणाली, "घेत्यात, मामा. घोट घोट घेत्यात."

हे का झालं, त्यावर मी पुष्कळ विचार केलाय. आक्काला विचारलं तर तिला त्यातलं काहीच आठवत नाही. मला वाटतं, तिला एवढंच कळलं असावं की भाऊ कुठंतरी उभा आहे आणि जेवतोय. मग उपासाचं काम झालेलं होतं.

मी गावात पोचलो तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती. सुनेनं तिला गूळ आणि भात खायला घातला होता. रंग परत आला होता. मला वाटलं, आता माझी खरडपट्टी निघणार. सुईचा हट्ट कोणी केला, हे तिघांनाही ठाऊक होतं. पण तिनं पहिलं विचारलं ते दुसरंच.

"गाडीवर आलास?"

"मग कशावर येणार?"

"आज गाडीवर येऊ नगं म्हनून कुनी सांगितलं न्हाई ह्याला?" ती सुनेवर ओरडली. मग माझा डावा हात तिनं ओढून घेतला आणि उलटासुलटा करून बघितला.

माझ्या डाव्या करंगळीचं टोक नाही. नोकरीच्या सुरुवातीला ते कंपनीच्या प्रेस मशीनमध्ये गेलं. हा माझा हुकमी किस्सा. दवाखान्यात बघायला आलेल्या साहेबांना मी म्हटलं होतं, की साहेब, वजन बोटाच्या टोकाएवढं कमी झालं, पगार कमी करू नका म्हणजे झालं. लग्नात, मुंजीत, कुठंही सांगतो, लोक हसतात. आक्का कधी हसली नाही. मला वाटायचं, तिला विनोद कळत नाही.

सून मला चहा द्यायला ओसरीवर आली तेव्हा हळूच म्हणाली, "तुमचं बोट गेलं त्या साली उपासाला त्यांनी च्या घेतला व्हता. कामावर चक्कर आली म्हनून. बाकीच्या बाया उपासाला केळं खात्यात, शाबू खात्यात. ह्या त्या वर्षापास्नं पान्याबिगर काय घेत न्हाईत. तुमाला सांगायची मनाई हाय."

मी चहा हातात धरून बसलो. त्याच्यावर साय आली. 

म्हणजे आता आक्काच्या हिशेबी काय झालं होतं? एकदा चहा घेतला, तर भावाचं बोट गेलं. या वेळी साखर, गूळ, भात, सगळंच पोटात गेलं होतं. मी तिला पटवायला लागलो. म्हटलं, अगं, त्या मशीनचा गार्डच, हात वाचवणारी जाळीच, कोणीतरी काढून ठेवली होती. चहाचा काय संबंध? ती ऐकत होती, मानही हलवत होती. बोलणं संपल्यावर म्हणाली, "उद्या कामावर जायचं न्हाई."

मी सुट्टी टाकली. फोनवर साहेबांनी कारण विचारलं. मी म्हटलं, नागपंचमी. ते म्हणाले, "तुम्ही नागाला दूध पाजणार की नाग तुम्हाला?" मी फोन ठेवला.

रात्री तिथंच राहिलो आणि पंचमीच्या सकाळी डॉक्टरांना फोन लावला. ते मला बरंच काही बोलले, त्यातलं काहीच चुकीचं नव्हतं. शेवटी म्हणाले, आज डोस कमी घ्या, किती ते सांगितलं. पण चुकवू नका, आणि ताट समोर आल्याशिवाय टोचू नका.

पूर्वी गावातल्या बाया वारुळाला जायच्या. ते वारूळ आता एका कंपनीच्या कंपाउंडात आहे. सुनेनं पाटावर गंधानं नाग काढला, लाह्या वाहिल्या, हात जोडले. मग चाळणीवरून दिंडं उतरवली. आक्कानं अंघोळ करून ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. डॉक्टरांनी तिला अर्धंच दिंड सांगितलं होतं, बरोबर वरण आणि अख्ख्या शेंगांची भाजी. ताट समोर आलं. मी पेन पुढे केलं.

"आज न्हाई," ती म्हणाली.

"का?"

"आज टोचत न्हाईत." तिनं माझ्याकडे बघितलं. "तुला तर सगळं म्हाईत असतं."

सगळं माहीत होतंच. चिरायचं नाही, खणायचं नाही, सुईला हात लावायचा नाही. पोरांना सांगताना हे कधी माझ्या डोक्यात आलं नाही की ऐकणाऱ्यांत सुईवर जगणारंही कोणी असेल. मी डॉक्टरांचं नाव घेतलं, कालचं आठवून दिलं, तिच्या मुलाची शपथ घातली. ती पदराच्या टोकाशी चाळा करत बसली. ताट निवत होतं. सून दारात उभी राहून एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती.

"बरं," मी म्हटलं, "तू नको टोचू. मी टोचतो. जे काही लागायचं ते मला लागेल."

आणि मी टोपण काढायला लागलो. लोकांना वाटतं, ही माझी युक्ती होती. मी त्यांना तसं वाटू देतो. पण खरं सांगतो, मला एवढं सुचत नाही. मला फक्त तिचं ताट गार व्हायच्या आत सुई व्हायला हवी होती.

आक्काचा चेहरा उतरला. कालचा उपास मोडलेला, आणि आज त्याच भावाच्या हातून टोचणं. तिनं माझ्या हातातलं पेन हिसकावून घेतलं. एवढी ताकद तिच्यात कालपासून पहिल्यांदाच दिसली. पाटावरच्या नागाकडे पाठ करून बसली, लुगडं सारलं, डोळे मिटले आणि स्वतः टोचून घेतलं. ओठ हलत होते. नागाशी काय बोलली, ते मी विचारलं नाही.

मग पेन बाजूला ठेवून तिनं आपल्या ताटातल्या दिंडाचा कोपरा मोडला, तुपात बुडवला आणि माझ्या तोंडापुढे धरला.

"घे. आधी तू."

"अगं, तुझी सुई झालीये, तू खा आधी."

"घे म्हनते ना."

मी तोंड उघडलं. चावलं, गिळलं. ती माझ्या गळ्याकडे बघत होती. घास खाली उतरलेला दिसला, तेव्हा तिनं ताट जवळ ओढलं आणि जेवायला सुरुवात केली.