तीन फटफट्या आणि करडीचं तेल

बीडचे जमीलमियां फळांचे व्यापारी, पण जीव सगळा फटफटीत अडकलेला. निजामाच्या अमलात आमच्या भागात फटफट्या तीनच: त्यांची, माजलगावच्या राधाकिशनची आणि उमापूरच्या गहिनीनाथची. मिस्त्री मिळणार कुठला? एकाची बिघडली की उरलेले दोघे यायचे आणि अंगणात गोणपाट अंथरून तिघं मिळून ती दुरुस्त करायचे.

त्या उन्हाळ्यात इंजिनात घालायचं एरंडेल बाजारात मिळेना. गहिनीनाथ म्हणाला, "घरात करडीचं हाय की. तेल म्हंजी तेल!" एकापेक्षा एक शहाणे! जमीलमियांनी ओतलं. फटफटी लई झकास पळाली, म्हणून त्या दोघांनीही आपापल्या गाडीत तेच घातलं.

पुढं जमीलमियांचं इंजिन जाम झालं. उघडलं तर तेल आत डिंकासारखं वाळून बसलेलं, छिन्नीनंही निघेना. त्यांनी दोघांना निरोप धाडला आणि गोणपाट अंथरून वाट पाहत बसले.

दोघे आले, पण बैलगाडीतून. मागे त्यांच्या दोन्ही फटफट्या आडव्या पडल्या होत्या.

"जमीलमियां," गहिनीनाथ खाली मान घालून म्हणाला, "आता तुमीच बघा."

जमीलमियांनी गोणपाट गुंडाळून ठेवलं.